आधी भोपळा, मग माणूस

नकलेला नावे ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणाला असेल तर असो, आम्हां छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना तो नाही. ज्या गावाची सर्वांत प्रसिद्ध इमारत ही दुसऱ्या गावच्या इमारतीची नक्कल आहे, त्या गावाने हा विषय निघाला की मुकाट्याने मान खाली घालावी. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर म्हणून सतराव्या शतकात उभा राहिलेला बीबीका मकबरा पाहायला गावोगावचे प्रवासी येतात, चार पावले मागे जाऊन मान तिरकी करतात, "छे! ताजची सर नाही!" असा निकाल देतात, आणि लगेच त्याच मकबऱ्यापुढे उभे राहून आपली छायाचित्रे काढून घेतात. आम्ही ते ऐकत ऐकतच लहानाचे मोठे झालो.

माझे वडील गवंडीकाम करीत. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला मकबऱ्यात नेले. भिंतीजवळ उभे केले आणि म्हणाले, "डोळे मीट. भिंतीवर तळहात ठेव, आणि हात हळूहळू वर ने. संगमरवर संपला की सांग." माझा हात पुरेना, तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतले. मी डोळे मिटून हात सरकवत राहिलो, आणि एका जागी एकदम ओरडलो, "संपला!" डोळे उघडले तर खाली पांढरे, वरही पांढरे. खालचा पट्टा संगमरवराचा आणि त्यावर काळ्या दगडाच्या अंगावर चढवलेला चुन्याचा गिलावा. तो गिलावा इतका सफाईदार, की दुरून पाहणाऱ्याला सारे एकजीव वाटावे. वडील हसून म्हणाले, "डोळा फसतो रे. हात फसत नाही."

त्या एका वाक्यावर मी माझी सारी नोकरी केली. चौतीस वर्षे मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या वर्गाला शिकवले. निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा वैद्यकशास्त्राविषयी लेखणी उचलण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हात कसा तयार होतो एवढे एकच शास्त्र मला येते, आणि डॉक्टरचे निम्मे शास्त्र हातात असते. शिवाय मी एका रोग्याचा नवरा आहे. हा दुसरा अधिकार पहिल्यापेक्षा मोठा आहे.

तीन वर्षांपूर्वी सौभाग्यवतींना इस्पितळात ठेवावे लागले. कोणत्या गावी आणि कोणत्या इस्पितळात ते सांगत नाही, कारण माझी तक्रार एका इस्पितळाविरुद्ध नसून रीतीविरुद्ध आहे, आणि ती रीत जगभर चालत आलेली आहे. सलाईन लावायचे होते. एक तरुण पोरगा आला. गळ्यात नळी, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे. त्याने हिचा हात धरला, पट्टा आवळला आणि सुई घातली. शीर सापडली नाही. पुन्हा घातली. शीर निसटली. डावा हात झाला, उजवा हात झाला, मनगट झाले. पाचव्या वेळेपर्यंत हिच्या हाताला निळे डाग पडले होते आणि त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. मी उभा राहून दात-ओठ खात होतो. हिने मात्र त्याला विचारले, "बाळा, जेवलास का रे?" त्याने उत्तर दिले नाही. उर्मटपणामुळे नव्हे. त्याला ते ऐकूच गेले नाही. त्याचा सारा जीव त्या सुईच्या टोकाशी गोळा झाला होता.

शेवटी एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी दिवाही मोठा केला नाही. हिचा हात मांडीवर घेतला, भलतीकडेच पाहत दोन बोटे कातडीवरून फिरवली, एका जागी थोडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली, आणि सुई घातली. झाले! त्या पोराला त्या म्हणाल्या, "डॉक्टर, शीर शोधायची नसते, चाचपायची असते. ती दिसत नाही, लागते." आणि हिला म्हणाल्या, "मावशी, फार त्रास झाला ना?"

त्या रात्री मी बाकावर बसून एकाच गोष्टीचा विचार करीत होतो. माझ्या वर्गात येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी यंत्राजवळ फिरकू देत नसे. त्याच्या हाती कानस द्यायची आणि लोखंडाचा एक ठोकळा द्यायचा. घास म्हणायचे. आठवडेच्या आठवडे तो घासत राही. गुण्या लावून, उजेडाकडे धरून पाहायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. पोरे कुरकुरत, रडत, माझ्या नावाने बोटे मोडत. पण काही दिवसांनी एक चमत्कार होई. ज्या पोराला गुण्या लावल्याशिवाय काही कळत नसे, तो ठोकळ्यावरून नुसते नख फिरवून सांगू लागे, "सर, या कडेला उंच आहे." केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कंगोरा माणसाच्या बोटाला कळतो, डोळ्याला तो दिसत नाही. मग मी त्याला यंत्रावर घेई. तोवर जे ठोकळे बिघडत ते भंगारात जात, आणि भंगारवाला ते किलोवर घेऊन जाई.

मला प्रश्न पडला तो असा, की लोखंडाच्या तुकड्याला आम्ही इतके जपतो, आणि माझ्या बायकोचा हात हा त्या पोराच्या आयुष्यातला पहिला ठोकळा कसा?

याचे एक उत्तर जुने डॉक्टर मोठ्या अभिमानाने देतात. "आम्ही असेच शिकलो. रोग्यावरच हात बसला. बाहुल्यांशी खेळून कोणी डॉक्टर होत नाही." हे बोलणाऱ्यांत मी मानतो अशी माणसे आहेत. त्यांच्या हाताला गुण आहे आणि त्यांनी हजारो जीव वाचवले आहेत. पण त्यांना मी विनयाने विचारतो: तुमचा हात ज्यांच्यावर बसला ते रोगी कोण होते? मिलमालक होते? कलेक्टर होते? ज्याच्या खिशात पैसे आहेत तो मोठ्या डॉक्टरचे नाव विचारून त्याच्याच हातून सुई टोचून घेतो. शिकाऊ हाताखाली येतो तो ज्याला विचारण्याची हिंमत नाही तो. देशोदेशी शिकण्याचा खर्च असा गरिबाच्या कातडीवर टाकलेला आहे. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा, १९५६ साली, आमच्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. बीड, जालना, परभणीकडचा माणूस कर्ज काढण्याआधी घाटीत येतो, आणि त्याचे आमच्यावर उपकार आहेत, घाटीचेही आहेत. अशा माणसाच्या वाट्याला तयार हात यावा एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि "आम्ही असेच शिकलो" हे म्हणणे आपल्या परंपरेच्या नावावर तर कोणी मुळीच खपवू नये. आपल्या परंपरेत सुश्रुत आहे. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सबंध या एकाच गोष्टीला वाहिलेला आहे. शिष्याला सारे शास्त्र तोंडपाठ झाले तरी हाताचा सराव झाल्याखेरीज तो कामाला अपात्र, असे सुश्रुत सांगतो. या सरावाला त्याचा शब्द आहे 'योग्या'. पुढे तो काय करायला सांगतो ते वाचून मी, एक फिटर, खुर्चीतून उठून उभा राहिलो. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेदण्याचा सराव पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. खरवडण्याचा, केस असलेल्या ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा, मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून चाचपण्याचा, किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूच्या नळीत. आत रुतलेले काढण्याचा, फणसाच्या, तोंडल्याच्या, बेलफळाच्या गरातून. शिवण्याचा, कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधण्याचा सराव कापडाच्या बाहुल्यावर!

आता यातली मेख पाहा. भोपळा पोटासारखा दिसतो का? कमळाचा देठ हातासारखा दिसतो का? मुळीच नाही. पण सुरी भोपळ्याची साल ओलांडून गरात उतरताना हाताला जो धक्का बसतो, तो हवा होता. देठात सुई शिरताना आधी अडते आणि मग एकदम आत जाते, ते 'एकदम' हवे होते. सुश्रुताने दिसण्याची नक्कल केली नाही, लागण्याची नक्कल केली. वडिलांनी मला मकबऱ्याच्या भिंतीवर शिकवले तेच हे.

पश्चिमेकडेही ज्यांनी या कामात खरी भर घातली ती माणसे मोठी मजेदार होती. फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे नावाची एक सुईण होऊन गेली. तिने कापड, चामडे आणि भरण वापरून बाळंतिणीची बाहुली केली. १७५९ साली राजाने आज्ञापत्र दिले आणि ही बाई पुढे पंचवीसएक वर्षे बाहुली घेऊन गावोगाव हिंडली. लिहिता-वाचता न येणाऱ्या हजारो बायकांना तिने मूल आडवे आले तर हात कसा घालून कसे फिरवायचे ते शिकवले. त्या बायकांना चित्र दाखवून काय उपयोग होता? ती वाट अंधारातली, तिथे डोळ्याचा काही संबंधच नाही. तिची एक बाहुली आजही रूआँ शहरातल्या संग्रहालयात आहे. वैमानिकांना शिकवण्याचे पहिले नामांकित यंत्र एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास बापाच्या ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचेच भाते वापरून केले. कोणी विचारीना, म्हणून ते जत्रेतल्या खेळासारखे विकले गेले. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले आणि धुक्यावादळात काही आठवड्यांत डझनभर वैमानिक दगावले. मग सैन्याने घाईघाईने तीच सहा 'खेळणी' विकत घेतली. आणि बंद पडलेले हृदय दाबून चालू करण्याची जी बाहुली आज जगभर आहे, ती १९६० साली नॉर्वेच्या आस्मुन लेरडाल या खेळणीवाल्याने केली. तिच्या छातीत स्प्रिंग आहे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे पुस्तकात वाचून कोणाला कळत नाही. नवशिका भीत भीत दोन सेंटिमीटर दाबतो आणि त्याला वाटते, फार झाले. ते कळायला खालून छातीने तळहाताला उत्तर दिले पाहिजे.

हे 'उत्तर देणे' ही या साऱ्या विद्येची किल्ली आहे, आणि इथेच माझे भांडण दुसऱ्या पक्षाशी सुरू होते. हा पक्ष जुन्या डॉक्टरांच्या अगदी उलट. त्याला नक्कल फार आवडते, फक्त ती चकचकीत हवी! पडदा हवा, रंग हवेत, डोळ्यांवर चढवायचे चष्मे हवेत. या पक्षाचे लोक म्हणतात, "आता रोग्याची गरज नाही, पुतळ्याचीही नाही, सारे पडद्यावर दिसते." दिसते हो, पण लागते का?

माझी नात दुसऱ्या एका गावी वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागल्या दिवाळीनंतर तिला पोचवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्हांला आमची कौशल्य प्रयोगशाळा दाखवते." देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर अशी प्रयोगशाळा असणे बंधनकारक झाले. निर्णय शहाणपणाचा आहे, त्याबद्दल मी टाळ्या वाजवतो. मोठ्या उत्साहाने गेलो. काचेच्या कपाटात ओळीने रबरी हात, प्लास्टिकच्या छात्या, पाठीचे कणे. सगळे कोरे करकरीत. एका हातावर अजून कारखान्याची चिकटपट्टी होती. कोपऱ्यात कापडाखाली एक यंत्र झाकलेले. मी म्हटले, "बघू या." शिपाई म्हणाला, "किल्ली साहेबांकडे असते." नात हळूच म्हणाली, "आजोबा, तपासणीच्या दिवशी उघडतात." मी माझ्या शेजारणीचा दिवाणखाना आठवला. तिथेही उत्तम चिनी मातीच्या कपबश्या काचेच्या कपाटात असतात आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो.

मी हट्ट धरला, तेव्हा एका भल्या शिक्षकाने किल्ली आणवली. कापडाखालचे यंत्र मी डोळे भरून पाहिले आणि मग डोळे मिटून पाहिले. पडद्यावर माणसाचा कणा, आणि समोर लेखणीसारखा एक दांडा. दांडा पुढे रेटला की पडद्यावरची सुई कातडीत शिरते, आणि दांड्याच्या मुळाशी असलेल्या बारीक मोटारी आपल्या हाताला उलट रेटा देतात. कातडीला थोडा, आतल्या चिवट बंधाला जास्त, आणि तो पार झाला की रेटा एकदम नाहीसा! पाठीत भुलीची सुई देणाऱ्याला हा 'नाहीसा' होण्याचा क्षण ओळखता यावा लागतो. तिथे थांबला तर भूल, पुढे गेला तर घोटाळा. असे यंत्र करणे सोपे नाही. सिनेमा डोळ्याला सेकंदाला चोवीस चित्रांत फसवतो. हाताला फसवायचे तर यंत्राला सेकंदाला हजारएक वेळा हिशेब करून नवा रेटा द्यावा लागतो. त्यात कुचराई झाली की दगड स्पंजासारखा लागतो. डोळ्याची किंमत चोवीस आणि हाताची हजार! माझे वडील हयात असते तर त्यांना हे सांगायला धावत गेलो असतो.

१९९३ च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेत असे पहिले गाजलेले यंत्र झाले. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपीत बोट घालायचे आणि नसलेली वस्तू चाचपायची. त्यानंतर तीस वर्षांत पुष्कळ पुढे मजल गेली. तरी पाहा, शस्त्रक्रियेचा जो यंत्रमानव सर्वांत नावाजलेला आहे, त्याच्या दांड्यांशी बसणाऱ्या सर्जनला दोन दशकांहून अधिक काळ पलीकडल्या ऊतींचा स्पर्श जवळजवळ मिळतच नव्हता. धागा किती ओढला हे तो डोळ्यांनी अंदाजाने ठरवी. हाताला जोर कळवणारी त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. कोट्यवधींच्या यंत्रालाही शेवटी हाताची माफी मागावी लागली, असे मी म्हणतो.

कोणी म्हणेल, या सरावाचा खऱ्या रोग्याला उपयोग होतो कशावरून? २००२ साली अमेरिकेत येल येथे सोळा शिकाऊ सर्जनांचे दोन गट केले. एका गटाला आधी यंत्रावर सराव दिला, दुसऱ्याला नेहमीच्या रीतीने शिकवले. मग सर्वांनी खऱ्या रोग्यांचे पित्ताशय सोडवले. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर झाले, आणि सराव न केलेल्यांच्या हातून चुका सुमारे सहापट झाल्या. सोळा ही संख्या लहान आहे हे मला कळते. पण ज्या रोग्याच्या पोटावर त्या चुका झाल्या त्याला ती लहान वाटणार नाही.

आता माझ्या बाजूचा कमकुवतपणाही सांगतो. न सांगणे हे वकिलाचे काम, शिक्षकाचे नव्हे. रबरी हात नेहमी तोच असतो. त्याची शीर जागची हलत नाही. आमच्या हिच्या सत्तरीच्या हातातली शीर मात्र बोटाखालून मासोळीसारखी पळते. पुतळा "आई गं" म्हणत नाही, हात मागे घेत नाही, त्याचे पोर दाराशी रडत नसते. तेव्हा पुतळ्यावर शिकलेला पोरगा लगेच डॉक्टर झाला असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की पहिले पाच डाव त्याने पुतळ्याशी हरावेत. माणसाशी सहावा खेळावा, आणि तोही कोणी जाणते शेजारी उभे असताना.

शिवाय "पुतळ्याने माणुसकी जाते" हा आक्षेप तर मला उलटाच वाटतो. त्या रात्री त्या पोराला हिचा प्रश्न ऐकू का गेला नाही? कारण त्याचा हात कच्चा होता, आणि कच्च्या हाताला सारे लक्ष स्वतःकडे लागते. सिस्टरना भलतीकडे पाहता आले, हिची विचारपूस करता आली, कारण त्यांचा हात एकटा काम करायला मोकळा होता. वाचकहो, आपल्या घरात पाहा. या आठवड्यात ज्या माउल्या रव्याच्या लाडवांना पाक करीत असतील, त्या चिमटीत पाकाचा थेंब धरून बोटे उघडतात, एक तार आली की पातेले उतरवतात, आणि तोंडाने जावेशी बोलणे चालूच असते. नव्या सुनेला मात्र त्या वेळी कोणी हाक मारली तर पाक गोळीबंद होतो. हात तयार झाला की मन माणसाकडे लावता येते. माणुसकीला फुरसत लागते, आणि ती फुरसत सरावाने मिळते.

हे घरी बोलून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी मला गप्प केले. मला वाटले होते, ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "अहो, माझ्या हातावर तो शिकला याचे मला काही वाटले नाही. कोणाच्या तरी हातावर शिकणारच. आपली नात शिकते आहेच ना? पण त्याने मला विचारायला हवे होते. 'आजी, मी नवीन आहे, लावून पाहू का?' एवढे म्हणाला असता तर मी दोन्ही हात पुढे केले असते." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "मी देहदानाचा अर्ज भरला तेव्हा माझी सही घेतली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मेल्यावर माझ्या देहावर पोरे शिकणार म्हणून एवढे कागद! आणि जिवंत हात होता तेव्हा कोणी विचारलेसुद्धा नाही."

चौतीस वर्षे मी बोलत आलो आहे. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही. म्हणून तिचे म्हणणे मी माझ्या मागण्यांत पहिले घालतो. शिकाऊ हात जिवंत माणसाला लागण्यापूर्वी त्या माणसाला विचारले पाहिजे, आणि नाही म्हणण्याचा हक्क धर्मशाळेत उतरलेल्या बाईलाही बंगल्यातल्या बाईइतकाच असला पाहिजे.

दुसरी मागणी: कौशल्य प्रयोगशाळेची किल्ली साहेबांच्या खणात नको, दारावरच्या खुंटीला हवी. मुले रात्री जेवून आली की त्यांना तिथे जाता यावे. रबरी हात वर्षाच्या अखेरीस टोचून टोचून चाळण झाला नसेल, तर तपासणी करणाऱ्यांनी त्या महाविद्यालयाला शाबासकी नव्हे, दंड द्यावा. माझ्या वर्गातल्या कानशी झिजल्या नाहीत असे कधी झाले असते, तर वरिष्ठांनी मलाच घासले असते.

तिसरी: यंत्र विकत घेताना आधी डोळे मिटून घ्यावे. विक्रेता पडद्यावरचे रंग दाखवील, त्याला विचारावे, "हे हाताला उत्तर देते का?" देत नसेल तर तो पैसा वाचवावा आणि बाजारातून भोपळे आणावेत. यात मी थट्टा करीत नाही. आमच्या चिकलठाण्याला जर्मनांच्या सहकार्याने उभी राहिलेली टूल रूम आहे, वाळूजला कारखान्यांची रांग आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, आणि घाटी त्याच गावात आहे. धातू, रबर, स्प्रिंग आणि मोटार यांना पाहिजे तसे वळवणारे हात एकीकडे आणि ज्यांना सरावाची गरज आहे ते हात दुसरीकडे. मधे फार तर दोन-चार कोसांचे अंतर. या दोघांनी एकत्र बसून आपल्या आजीबाईंच्या पळणाऱ्या शिरेसारखी पळणारी शीर असलेला एक रबरी हात करावा. नक्कल करणे हे आमच्या गावाला शोभण्यासारखेच काम आहे!

चौथी मागणी तुमच्याकडे आहे, वाचकहो. तुमच्या घरात कोणी आजारी पडेल, इस्पितळात एखादा थकलेला पोरगा सुई घेऊन येईल. त्याच्यावर ओरडू नका. मी ओरडण्याच्या बेतात होतो, आणि आज मला त्याची लाज वाटते. त्याला उपाशीपोटी, अर्ध्या झोपेत, कोऱ्या हाताने पाठवणारे दुसरेच होते. त्याला नुसते विचारा, "बाळा, पुतळ्यावर किती वेळा केलेस?" हा एक प्रश्न घराघरांतून विचारला गेला तर वर्षभरात कपाटे उघडतील. सरकारी हुकमाने उघडत नाहीत ती दारे लोकांच्या चौकशीने उघडतात.

परवा नात दिवाळीसाठी घरी आली. सामान ठेवते न ठेवते तोच आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, हात दे. टोचणार नाही, नुसती शीर चाचपू दे." हिने हात पुढे केला. पोरीने डोळे मिटले. दोन बोटे मनगटावरून वर सरकत गेली, थांबली, पुन्हा खाली आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आत पाक एकतारी होत आला होता आणि तो उतरवायचा कोणाला सुचत नव्हता.

"सापडली," नात म्हणाली. आणि डोळे न उघडताच पुढे म्हणाली, "आजी, तू जेवलीस का गं?"